रिपोर्टातल्या कंसातला माणूस

शंकेखोर : रिपोर्टच्या कागदावर तुमचा आकडा एका रकान्यात असतो आणि शेजारी कंसात आणखी दोन आकडे छापलेले असतात, इतक्यापासून इतक्यापर्यंत. तुमचा आकडा त्या दोहोंच्या मध्ये बसला तर तुम्ही ठीक. बाहेर गेला की ठळक अक्षरांत उमटतो आणि घरच्यांच्या पोटात गोळा येतो. माझी तक्रार आकड्याबद्दल नाही, कंसाबद्दल आहे. जालना जिल्ह्यातल्या जाफराबादसारख्या ठिकाणी ग्रामीण रुग्णालयात रक्त द्यायला कोण येतं? सातव्या महिन्यातली बाई, जिचं रक्त आधीच कमी आहे. कपाशीवर फवारणी करून आलेला, उलट्यांनी बेजार झालेला माणूस. चाळीस किलो वजनाची सत्तरीची म्हातारी. काविळीनं पिवळं पडलेलं चार दिवसांचं लेकरू. तुमच्या पुस्तकात यांना ‘विशेष रुग्णगट’ म्हणतात, म्हणजे नियमाला अपवाद. इथं तर रांगेतला जवळपास प्रत्येक जण अपवाद निघतो. मग नियम लिहिला कोणासाठी?

उत्साही : नियम कसा लिहिला ते आधी पाहू, म्हणजे त्याच्यावर नको तो आरोप होणार नाही. कंस ठरवण्यासाठी किमान १२० निरोगी माणसांचं रक्त तपासावं, आलेले आकडे चढत्या क्रमानं मांडावेत, दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के सोडावेत आणि मधले ९५ टक्के घ्यावेत, अशी जगभर मानली जाणारी पद्धत आहे. म्हणजे पूर्ण निरोगी वीस माणसांतला एक जण कंसाबाहेर पडणार हे त्या पद्धतीतच गृहीत धरलेलं आहे. गरोदर बाई, नवजात बाळ, अतिवृद्ध माणूस यांना त्या १२० जणांत मुद्दाम घेत नाहीत, कारण त्यांचं शरीर वेगळ्या चालीनं चालतं. गरोदरपणात रक्तातलं पाणी वाढतं, म्हणून साध्या बाईला हिमोग्लोबिन १२ हवं तिथं गरोदर बाईला ११ पुरतं. किडनी जास्त काम करते, म्हणून क्रिएटिनिन उतरतं. वार स्वतःचं अल्कलाइन फॉस्फेटेज रक्तात सोडते, म्हणून लिव्हर धडधाकट असूनही तो आकडा चढतो. हे ठाऊक आहे म्हणून तर त्यांच्यासाठी वेगळे कंस आहेत. वगळणं हा अन्याय तेव्हाच होतो, जेव्हा वेगळा कंस उपलब्ध असून कोणी वापरत नाही.

शंकेखोर : वेगळा कंस वापरायचा तर ती बाई गरोदर आहे हे यंत्राला सांगणार कोण? चिठ्ठीवर नाव असतं, वय असतं, स्त्री की पुरुष ते असतं. कितवा महिना, रक्त कधी चढवलं, कोणत्या गोळ्या चालू आहेत, यांतलं काही नसतं. आणि त्याच्याही आधीची गोष्ट सांगतो. नळीत गेलेलं रक्त जिवंतच असतं आणि आपलीच साखर खात बसतं. साध्या तापमानाला तासाला पाच ते सात टक्के साखर संपते. मे महिन्यात मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा हा वेग आणखी वाढतो. तुम्ही म्हणाल, नळीत फ्लोराईड असतं. असतं, पण ते लगेच लागू पडत नाही. पहिले एक-दोन तास साखर घटतच राहते. सकाळी उपकेंद्रावर घेतलेली नळी तास-दीड तासाच्या रस्त्यानं जालन्याला पोचून यंत्रावर चढेपर्यंत दुपार झाली, तर खरी १४५ असलेली साखर १४० च्या खाली उतरायला कितीसा वेळ? गरोदरपणातल्या मधुमेहाची रेषा नेमकी १४० वर आहे. नळ्या बर्फाच्या डब्यात ठेवल्या तर साखर वाचते, पण थंडीनं पेशींचे पंप बंद पडतात आणि पोटॅशियम बाहेर झिरपतं. एकाच डब्यात एक तपासणी तगते आणि दुसरी बिघडते. कंस कितीही बारकाईनं आखला तरी त्याच्यासमोर आणून ठेवलेला आकडाच त्या बाईचा उरलेला नसेल, तर काय करणार?

उत्साही : यातलं बरंचसं शिस्तीचं काम आहे, तत्त्वज्ञानाचं नाही. रक्त गोठू द्यायचं, जागेवरच फिरवून पेशी आणि सीरम वेगळं करायचं, मग गाडीत द्यायचं. पोटॅशियमचा प्रश्न बराचसा तिथंच मिटतो. साखरेचं म्हणाल तर सरकारी कार्यक्रमानं नळीचा प्रवासच रद्द केला आहे. गरोदर बाईला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजायचं, दोन तासांनी बोटातून थेंब घ्यायचा आणि ग्लुकोमीटरवर तिच्यासमोरच आकडा पाहायचा. उपाशीपोटी येण्याचीही अट नाही, कारण लांबून चालत येणारी बाई उपाशी बसू शकत नाही हे तपासणी आखणाऱ्यांनी ध्यानात घेतलं. दुसरं उदाहरण घ्या. एचआयव्ही असलेल्या आईच्या बाळात आईच्याच अँटिबॉडी दीड वर्षापर्यंत फिरत राहतात. साध्या तपासणीत निरोगी बाळही पॉझिटिव्ह निघतं. यावर तोड म्हणून टाचेतून चार थेंब घेऊन जाड कागदावर वाळवायचे, पाकिटात घालून दूरच्या प्रयोगशाळेत धाडायचे आणि तिथं विषाणूचाच जनुकीय माग काढायचा, अशी पद्धत आली. ना बर्फ, ना डबा. क्षयरोगासाठी ट्रूनॅट हे गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं यंत्र बॅटरीवर चालतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये त्याला मान्यता दिली. सांगायचा मुद्दा हा की अवघड रुग्णांमुळे प्रयोगशाळा हरली नाही, त्यांनी तिला सुधारायला लावलं.

शंकेखोर : ग्लुकोमीटरची कथा अर्धीच सांगितलीत. त्या छोट्या यंत्राचा आकडा रक्तात तांबड्या पेशी किती दाट आहेत यावर हलतो. पेशी कमी असतील तर अनेक मीटर साखर आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात, पेशी दाट असतील तर कमी. नवजात बाळाचं रक्त दाट असतं, म्हणजे त्याची साखर आहे त्याहून कमी दिसणार. आणि महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के रक्तक्षयी आहेत असं पाचवी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. म्हणजे ज्या बाईसाठी तुम्ही नळीचा प्रवास वाचवलात तिच्याच रक्तक्षयानं मीटरला चकवलं. आता ‘तीन महिन्यांची शुगर’ घ्या. तांबडी पेशी १२० दिवसांच्या आसपास जगते आणि तेवढ्या काळात तिच्यावर साखरेचा थर चढत जातो, हा त्या तपासणीचा पाया. लोह कमी असेल तर हा आकडा साखर न वाढताही वर सरकतो. सिकलसेल असेल, पेशी लवकर फुटत असतील, नुकतंच रक्त चढवलं असेल, तर खाली येतो. गरोदरपणात पेशींची उलाढाल वाढते, तेव्हाही खाली. ६.५ च्या पुढे मधुमेह, ही रेषा आखली आहे ती धडधाकट तांबडी पेशी गृहीत धरून. ती पेशीच निम्म्या बायकांजवळ नाही. ट्रूनॅटचंही तेच. यंत्र तालुक्यापर्यंत आलं, पण तीन वर्षांचं लेकरू बेडका थुंकत नाही, गिळतं. मग भल्या पहाटे उपाशीपोटी नाकातून नळी घालून जठरातलं पाणी काढायचं आणि आम्लानं जंतू मरायच्या आत ते सोड्यानं उदासीन करायचं. हे काम यंत्र करत नाही. ते करायला कुशल हात लागतात, आणि लेकराला घट्ट धरायला त्याची आई लागते.

उत्साही : इथं मला थोडा राग येतो. लोहाच्या कमतरतेनं तीन महिन्यांची शुगर चढते हे तुम्हाला कोणी सांगितलं? प्रयोगशाळेनंच. तिनं आपल्या मर्यादा शोधून जाहीर केल्या आणि तुम्ही त्याच तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभ्या करता. हिमोग्लोबिन फार कमी निघालं तर शुगरच्या रिपोर्टखाली आपोआप टीप यावी, एवढी सोय आज कुठल्याही संगणकात करता येते. दुसरंही सांगतो. काही यंत्रं तीन महिन्यांची शुगर काढताना हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करतात आणि त्यांचा आलेख काढतात. कधी कधी त्या आलेखात एक अनोळखी शिखर दिसतं. तो शुगरसाठी अडथळा असतो, पण त्या घरासाठी ती बातमी असते, कारण आजवर कोणालाच माहीत नसलेलं सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचं वाहकपण त्या दिवशी समोर येतं. २०२३ मध्ये सुरू झालेलं राष्ट्रीय सिकलसेल अभियान हे वाहक शोधण्यासाठी लाखो लोकांची तपासणी करतं आहे. विदर्भात आणि नंदुरबारकडं हा रोग जास्त, पण कामासाठी हिंडणारा माणूस जिल्ह्याची हद्द पाहून हिंडत नाही. ज्याला तुम्ही चूक म्हणता ते पुष्कळदा माणसानं न सांगितलेलं काही सांगत असतं. ऐकणारा हवा.

शंकेखोर : ऐकणाऱ्याचंच तर म्हणतो आहे. रिपोर्टखाली बारीक अक्षरांत दहा टिपा छापल्यात, पण सकाळी शंभर रुग्ण तपासणारा डॉक्टर ठळक अक्षरं तेवढी पाहतो. शिवाय काही गोष्टी टिपेनं सुटतच नाहीत. एक किलोच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून ८० ते ९० मिलिलिटर रक्त असतं. त्यातून पाच मिलिलिटर काढणं म्हणजे मोठ्या माणसाचं सुमारे तीनशे मिलिलिटर काढण्यासारखं. रोज तपासण्या करून आपणच त्या बाळाला रक्तक्षयी करतो आणि मग त्याच्या रक्तक्षयाची तपासणी मागवतो. थेंब कमी म्हणून टाच दाबली की पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटं वाढतं. नळी अर्धीच भरली तर आतल्या औषधाचं आणि रक्ताचं प्रमाण चुकतं. बाळाला कावीळ असेल तर बिलिरुबिनमुळे क्रिएटिनिनचा आकडा खाली ओढला जातो, कारण अनेक ठिकाणी अजून माक्स याफे यांनी १८८६ मध्ये नोंदवलेल्या रासायनिक क्रियेवरच ते मोजतात. आणि पहिल्या एक-दोन दिवसांत जे क्रिएटिनिन दिसतं ते बाळाचं नसून बरंचसं आईचंच असतं. म्हणजे बाळाच्या किडनीबद्दल विचारलं आणि उत्तर आईच्या किडनीनं दिलं. अशा ठिकाणी मला कागदापेक्षा डोळे जास्त भरवशाचे वाटतात. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर महाडकडे विंचूदंशाचे रुग्ण पाहत होते. ओकारी, दरदरून घाम, थंडगार पडलेले हातपाय, या खुणा त्यांनी खाटेशेजारी बसून टिपल्या, १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडल्या आणि पुढे प्राझोसिन या औषधानं माणसं वाचवली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कुठली मोठी प्रयोगशाळा होती त्यांच्याकडे?

उत्साही : बावस्करांचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. ते नुसतं पाहत नव्हते, मोजत होते. रक्तदाब, नाडी, दंशानंतर किती तास गेले, कोणाला काय दिलं आणि पुढे काय झालं. परक्या पुस्तकातल्या कंसावर विसंबायच्या ऐवजी त्यांनी आपल्याच रुग्णांतून कंस तयार केला. प्रयोगशाळेचं मूळ काम याहून वेगळं नाही. आणि डोळ्यांवर भरवसा म्हणाल तर सर्पदंश घ्या. घोणस किंवा फुरसं चावल्यावर रक्त गोठतं का हे पाहायला दोन मिलिलिटर रक्त काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी तिरकी करायची. यंत्र नाही, वीज नाही. तरी इथंही अटी आहेत. नळी कोरडी, स्वच्छ आणि काचेचीच हवी. प्लॅस्टिकची घेतली किंवा साबणाच्या पाण्यानं धुतलेली घेतली तर धडधाकट माणसाचं रक्तही गोठणार नाही आणि नाहक प्रतिविष दिलं जाईल. नाग किंवा मण्यार चावला असेल तर रक्त व्यवस्थित गोठेल आणि माणसाचा श्वास मात्र बंद पडेल. म्हणजे डोळ्यांनी करायच्या तपासणीलाही कंस असतोच. फरक इतकाच की तो छापलेला नसतो, म्हणून त्याची चूक कोणाच्या नजरेला येत नाही.

शंकेखोर : हे मी मान्य करतो. छापलेली चूक निदान पकडता तरी येते. पण मग फवारणीच्या माणसाकडे वळू, कारण तिथं दोघांचीही परीक्षा आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. आपल्याकडेही कपाशी आहे, तेच पंप आहेत, तीच औषधं आहेत. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाची शंका आली की कोलिनएस्टरेज मोजतात. विष अंगात गेलं की ते घसरतं. पण ते गरोदरपणातही घसरतं, लिव्हरच्या आजारातही, पोटभर न खाल्ल्यानंही. काही घरांत ते जन्मतःच कमी असतं. आर्य वैश्य समाजात या एन्झाइमच्या जनुकातला एक बदल आढळतो असं २००६ मध्ये प्रसिद्ध झालं आहे. मराठवाड्यात हा समाज पिढ्यान्‌पिढ्या आहे. अशा माणसाच्या अंगात विषाचा थेंब नसताना आकडा तळाला गेलेला असू शकतो, आणि ऑपरेशनच्या वेळी भूल देणाऱ्याला ही गोष्ट कळली नाही तर रुग्णाचा श्वास तासन्‌तास परतत नाही. त्यात कोणी घाईनं रक्त साखरेच्या फ्लोराईडच्या नळीत घेतलं, तर फ्लोराईडच त्या एन्झाइमला दडपतं. रुग्ण घामानं भिजलेला, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घरघर. मी ॲट्रोपिन द्यायला तुमच्या आकड्यासाठी थांबू का?

उत्साही : मुळीच थांबू नका. तिथं तपासणी उपचाराच्या मागून चालली पाहिजे. पण तुमचं उदाहरण मला जिथं न्यायचं होतं तिथंच घेऊन आलं. त्या माणसाचा आकडा कोणत्या कंसाशी ताडायचा? त्याच्या स्वतःच्या. कॅलिफोर्नियात अशी जहाल कीटकनाशकं नियमित हाताळणाऱ्या मजुरांचं कोलिनएस्टरेज आधीच तपासून ठेवावं लागतं आणि नंतरचे आकडे त्याच्याशी ताडले जातात. आपल्याकडे फवारणी सुरू व्हायच्या आधी, जूनमध्ये, एकदा रक्त घेऊन ठेवलं तर जन्मतः कमी असलेला माणूसही तेव्हाच कळेल. म्हातारीचं क्रिएटिनिन घ्या. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं आणि चाळीस किलोच्या बाईच्या अंगावर स्नायू किती असणार? तिचं नेहमीचं ०.५ असेल आणि आज १ आलं, तर आकडा कंसात आहे, ठळकसुद्धा छापला जाणार नाही, आणि किडनीचं काम मात्र निम्म्यावर आलेलं असेल. तिचं मागचं रक्त माझ्या संगणकात असतं तर मी तुम्हाला फोन केला असता. विशेष रुग्णांच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे की गटच नको, प्रत्येकाचा स्वतःचा कंस हवा. आरोग्याचं डिजिटल खातं त्यासाठीच तर उघडतात.

शंकेखोर : कल्पना सुंदर आहे, पण ती धडधाकट असतानाही दवाखान्यात येणाऱ्या माणसासाठी आहे. आमच्याकडे माणूस मोडल्यावरच येतो. त्याची मूळ पातळी घ्यायची ती कधी? दिवाळीनंतर बिऱ्हाड ऊसतोडीला निघतं, सहा महिने दुसऱ्या जिल्ह्यात, दुसरा दवाखाना, दुसरं यंत्र. तिकडचा रिपोर्ट कॅरीबॅगमध्ये घडी होऊन येतो, निम्मी अक्षरं पुसलेली. तिथं एका पद्धतीनं मोजलेलं, इथं दुसऱ्या. दोन आकड्यांतला फरक माणसाचा की यंत्राचा, हे ठरवायचं कोणी? आणि समजा मूळ पातळी मिळाली. ती कोणत्या दिवसांतली? जिला आठवीपासून रक्त कमी आहे तिची मूळ पातळी म्हणजे तिच्या उपासमारीची नोंद. पुढचा आकडा त्या पातळीशी जुळला म्हणून ‘काही बदल नाही’ असं मी तिला सांगू? तिच्यात काही बदलत नाही, हाच तर तिचा रोग आहे.

उत्साही : मग एकट्याचा कंस नको तर आपल्या लोकांचा कंस घ्या. यातही काम झालेलं आहे. रक्तक्षयाच्या रेषा जागतिक आरोग्य संघटनेनं १९६८ मध्ये आखल्या, त्या बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या थोड्या पाहण्यांवरून. २०१६ ते १८ मध्ये भारतात मुलांची राष्ट्रीय पोषण पाहणी झाली आणि तिच्यावरून सचदेव, कुरपाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवलं की आपल्या निरोगी मुलांच्या हिमोग्लोबिनची खालची रेषा त्या जुन्या रेषेच्या बरीच खाली आहे. शिवाय त्या पाहणीत रक्त शिरेतून घेतलं होतं. एक ते चार वर्षांच्या मुलांत ४१ टक्के रक्तक्षय निघाला. त्याच सुमाराच्या कुटुंब आरोग्य पाहणीत बोटातला थेंब घेतला होता आणि पाच वर्षांखालच्या मुलांत ५८ टक्क्यांहून जास्त निघाला. बोट दाबलं की पेशींबरोबर पाणीही येतं. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही शिरेतल्या रक्ताचा आग्रह धरला आणि सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळांसाठी रेषा ११ वरून १०.५ वर आणली. थायरॉईडमध्येही हेच झालं. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत टीएसएचची वरची मर्यादा अमेरिकन थायरॉईड असोसिएशननं २०११ मध्ये २.५ सांगितली होती. २०१७ मध्ये तिनंच म्हटलं की आपापल्या लोकसंख्येची मर्यादा काढा, नसेल तर ४ धरा. मधल्या सहा वर्षांत किती बायकांना एका आकड्यापायी रोज सकाळी गोळी सुरू झाली असेल? जाफराबादचा कंस जाफराबादेत काढा, एवढंच माझं म्हणणं.

शंकेखोर : सकाळपासून तुमचे कंस परके आहेत म्हणून मी भांडत होतो आणि आता तुम्ही ते आपले करायला निघालात तर मीच आडवा पडतो आहे, हे मला कळतं. पण जाफराबादेत ते १२० निरोगी लोक आणणार कुठून? शेडनेटमध्ये बियाण्यांच्या प्लॉटवर दिवसभर वाकून काम करणाऱ्या बायका घ्याल? त्या कामावर आहेत, आजारी म्हणवत नाहीत, म्हणून निरोगी धराल? त्यांच्या रक्तात लोह कमी, बी-१२ कमी. त्यांच्यावरून कंस आखला तर कागदावर तालुका एका रात्रीत बरा होईल. लोहाच्या गोळ्या कमी लागतील, आकडेवारी सुधारेल, आणि पुढच्या पिढीला तोच कंस ‘आपल्याकडे असंच असतं’ म्हणून मिळेल. परका कंस सगळ्यांना आजारी ठरवतो हे खरं. घरचा कंस उपासमारीला घरात जागा देतो. यातलं तुम्हाला कमी वाईट कोणतं वाटतं?

उत्साही : दोन्ही टळतील असा मार्ग सचदेवांच्या कामात होता. त्यांनी सरसकट मुलं घेतली नाहीत. लोह, फोलेट, बी-१२ आणि अ जीवनसत्त्व पुरेसं असलेली, अंगात कुठलीही सूज-संसर्ग नसलेली मुलंच निवडली. त्यांची खाली आलेली रेषा भुकेची सरासरी नव्हती.

शंकेखोर : आणि अशी निवड करताना किती मुलं चाळणीबाहेर राहिली? मोठा हिस्सा. मग उरलेली मुलं कोणाचे प्रतिनिधी? ज्यांना पोटभर मिळालं त्यांचे. मी त्या कामाला नाव ठेवत नाही. माझ्या माहितीत याहून प्रामाणिक मार्ग नाही. पण तो कंस आम्हाला सांगतो की खायला मिळालं असतं तर आपण कसे असतो. तो वैद्यकाचा आकडा राहत नाही, मागणीचा होतो. आणि ती मागणी रिपोर्टवर छापता येत नाही.

उत्साही : तर मग मला एका प्रश्नाचं उत्तर द्या, कारण तो रोज सकाळी माझ्या टेबलावर असतो. नळी येते, फिरवल्यावर सीरम लालसर दिसतं, पेशी फुटलेल्या आहेत. नियम सांगतो, सॅम्पल नाकारा. मी नाकारलं तर विज्ञान शाबूत राहतं. पण ती बाई पंधरा किलोमीटरवरून आली होती. पुन्हा बोलावणं म्हणजे आणखी एका दिवसाची मजुरी बुडणार, पुन्हा भाडं, आणि बऱ्याचदा ती परत येतच नाही. नाकारलं नाही आणि पोटॅशियम छापलं, तर कोणीतरी त्या खोट्या आकड्यावर उपचार करील. बाळाचं असेल तर दुसऱ्यांदा रक्त काढायलाच नको असतं. तुम्ही दिवसभर मला चुकीच्या आकड्यांबद्दल बोलता आहात. मी आकडाच दिला नाही तर चालेल का तुम्हाला?

शंकेखोर : पोटॅशियम देऊ नका. त्या नळीतून जे खरं निघेल तेवढंच द्या, बाकीची जागा मोकळी ठेवा आणि ती मोकळी का आहे ते ठळक अक्षरांत छापा. कंसाबाहेरच्या आकड्यासाठी ठळक अक्षरं आहेत, तशी तुमच्या न कळण्यासाठीही असू द्या. मोकळी जागा दिसली तर मी निदान रुग्णाकडे वळून पाहीन.

उत्साही : छापतो. पण त्या बदल्यात चिठ्ठीवर तुम्ही तीन ओळी लिहा: कितवा महिना; किती वाजता रक्त घेतलं; कोणती औषधं चालू आहेत आणि रक्त कधी चढवलं. या तीन ओळी आल्या तर तुमच्या निम्म्या तक्रारी यंत्रावर चढायच्या आधीच मिटतील. कंसाखाली मीही एक ओळ टाकीन, की हे आकडे कोणत्या लोकांवरून घेतले आहेत.

शंकेखोर : तीन ओळी लिहायला शंभर रुग्णांत शंभर वेळा वेळ काढावा लागेल. तो माझ्याकडे नाही, नर्सबाईकडे नाही आणि आशाताईवर आधीच दहा रजिस्टरं आहेत. तुमची ती ओळ छापलीत तरी बहुतेक रिपोर्टांवर तिचा अर्थ एवढाच निघेल की हे लोक तुमच्यासारखे नव्हते. ती बाई तो कागद घेऊन माझ्यासमोर बसेल आणि विचारेल, ‘मग मला काय झालंय?’ कंस बाजूला ठेवून मला तिच्याकडे पाहूनच ठरवावं लागेल.

उत्साही : ठरवा. ते तुमचंच काम आहे. पण ठरवलेलं बरोबर की चूक, हे तुम्हाला कळणार कसं?

शंकेखोर : पंधरा दिवसांनी तिचं पुन्हा रक्त काढून. म्हणजे तुमच्याचकडे पाठवून. आणि त्या वेळचा आकडाही कोणाशी ताडायचा, हा प्रश्न तेव्हाही आपल्या दोघांपुढे असेलच.